‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत गणेशोत्सव, शिवजयंती किंवा एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन अशा निमित्ताने रक्ततपासणी शिबिरे भरू लागली आहेत. मंडळांनी वर्गणीतला काही भाग डॉल्बीऐवजी लोकांच्या प्रकृतीवर खर्च करावा याहून चांगले काय असू शकते? परंतु या शिबिरांतून घरोघर पोहोचलेल्या लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर मेदांच्या तपासणीच्या, रिपोर्टांमुळे एक गैरसमजही घरोघर पोहोचला आहे आणि त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी डॉक्टर नाही. बेळगावातील एका खासगी प्रयोगशाळेत ३२ वर्षे लोकांचे रक्त घेणे, नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे, वर आलेले सीरम तपासणे आणि आलेले आकडे रिपोर्टावर उतरवणे हे माझे काम होते. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण रिपोर्टावरचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढे मात्र मी जबाबदारीने सांगू शकतो.

गैरसमज असा की, रिपोर्टात एचडीएल म्हणजे ‘चांगले कोलेस्टेरॉल’ भरपूर असले की बाकीच्या आकड्यांची काळजी करण्याचे कारण उरत नाही. माझ्या मेहुण्यांचेच उदाहरण देतो. चार वर्षांपूर्वी त्यांचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांचे वय ५३ होते, रक्तदाबाची गोळी चालू होती आणि वडील हृदयविकारानेच गेलेले होते. एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल ६४, ट्रायग्लिसराइड (रक्तातला दुसरा एक मेद) १५० आणि एलडीएल (ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात) १५४. त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी लिहून दिली. पण त्याच रिपोर्टाच्या तळाशी एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर ३.९ असे छापले होते व त्यापुढे ‘कमी धोका’ असा शेरा होता. शिवाय शिबिरातल्या एका कार्यकर्त्याने, ‘तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल झकास आहे, काही होत नाही तुम्हाला’ असा दिलासाही दिला होता. झाले. डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात गेली. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘दाजी, चांगलं चौसष्ट हाय म्हणे, मग गोळी कशाला?’ सव्वा वर्षाने त्यांच्या छातीत कळ आली आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. गोळी घेतली असती तर हे टळलेच असते असा दावा मी करणार नाही. एका माणसाच्या अनुभवावरून असे काही सिद्ध होत नाही. पण ज्या समजुतीवर त्यांनी निर्णय घेतला ती समजूत चुकीची होती, हे मात्र सिद्ध झालेले आहे आणि तेही हजारो माणसांवर केलेल्या चाचण्यांतून.

मुळात कोलेस्टेरॉल हा पदार्थ एकच आहे. त्यात चांगले आणि वाईट असे दोन प्रकार नाहीत. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो, पित्त तयार करायला लागतो, ‘ड’ जीवनसत्त्व आणि काही संप्रेरके त्यापासूनच बनतात, आणि त्याचा मोठा वाटा आपले यकृत स्वतःच तयार करते. तो तेलकट असल्यामुळे पाणीदार रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनात भरून त्याची ने-आण करावी लागते. चांगले किंवा वाईट हे विशेषण या वाहनांना लागलेले आहे, आतल्या मालाला नाही. एलडीएल हे वाहन प्रामुख्याने यकृताकडून शरीराकडे माल नेते. ही वाहने रक्तात फार झाली आणि वर्षानुवर्षे फार राहिली की त्यांतली काही रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आतल्या थरात शिरून अडकतात. तिथे पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, फुगतात, आणि मेदाचा थर साचत जातो. नळाच्या पाइपात गाळ बसावा तसा हा थर वाहिनीच्या पोकळीत बसत नाही. तो भिंतीच्या आत वाढतो आणि एखाद्या दिवशी त्यावरचे आवरण फाटले की तिथे रक्ताची गुठळी होते. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. म्हणूनच आदल्या दिवशी हिंडलग्यापर्यंत चालत जाऊन आलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी झटका येऊ शकतो.

एचडीएलचे काम उलट दिशेचे आहे. त्याचे मुख्य प्रथिन यकृतात आणि आतड्यात तयार होते. ते रिकाम्या पिशवीसारखे बाहेर पडते, पेशींकडून जादा झालेले कोलेस्टेरॉल उचलते आणि यकृताकडे परत आणते, आणि तिथून ते पित्तावाटे बाहेर जाते. याखेरीज दाह कमी करणे, एलडीएलचे ऑक्सिडीकरण रोखणे अशीही कामे प्रयोगशाळेत दिसून आलेली आहेत. म्हणून शाळकरी मुलांना समजावताना एचडीएलला सफाई कामगार म्हणतात. उपमा वाईट नाही, पण ती अर्धीच आहे. आपल्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीचे उदाहरण घ्या. एका ठरावीक क्षणी गावातल्या घंटागाड्यांमध्ये मिळून किती कचरा आहे, एवढेच जर कोणी मोजले तर त्यावरून गल्ली स्वच्छ आहे की नाही हे कळेल का? गाड्या भरलेल्या असतील आणि डेपोवर रिकाम्याच होत नसतील, तरी आकडा मोठाच येईल. गाड्या थोड्या असून भराभर फेऱ्या मारत असतील तर आकडा लहान येईल. रिपोर्टावरचे एचडीएल म्हणजे त्या क्षणी त्या वाहनांत असलेले कोलेस्टेरॉल, एवढेच. वाहन किती फेऱ्या करते, भिंतीतून किती मेद उचलते, हे आमच्या यंत्रावर दिसत नसे. ते मोजण्याची वेगळी पद्धत संशोधकांनी काढली आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील पाहणीत, एचडीएलच्या आकड्यापेक्षा कोलेस्टेरॉल उचलण्याची ही क्षमता हृदयविकाराशी अधिक घट्ट जोडलेली दिसली. पण ती तपासणी बेळगावात काय, कुठल्याही नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही.

मग ‘चांगले’ हे नाव आले कुठून? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. १९४८ पासून तेथील रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी करून हृदयविकार कोणाला होतो आणि कोणाला होत नाही याची नोंद ठेवली गेली. १९७७ मध्ये त्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांचे एचडीएल कमी त्यांना हृदयविकार जास्त आणि ज्यांचे जास्त त्यांना कमी. हे निरीक्षण खरेच आहे आणि नंतर जगभर पुन्हा पुन्हा आढळले आहे. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ज्यांचे एचडीएल जास्त त्यांना रोग कमी, म्हणजे एचडीएल वाढवले की रोग कमी होईल, असे गृहीत धरले गेले. ज्या घरापुढे मोटार उभी असते त्या घरातली माणसे सुस्थितीत असतात, हे बहुधा खरे. पण कोणाच्या दारात मोटार नेऊन उभी केल्याने त्याची परिस्थिती सुधारत नाही.

औषध कंपन्यांनी हा मोटार नेऊन उभी करण्याचा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला. फायझर कंपनीचे टॉर्सेट्रापिब हे औषध सुमारे १५ हजार रुग्णांवर तपासले जात होते. त्याने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले, एलडीएलही २५ टक्क्यांनी उतरले. रिपोर्ट पाहून कोणीही पेढे वाटले असते. पण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत आहेत असे दिसल्याने डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाब वाढत होता हे त्याचे एक कारण मानले गेले, म्हणून त्याच जातीची दुसरी औषधे तपासली गेली. डाल्सेट्रापिबची चाचणी २०१२ मध्ये फायदा नाही म्हणून थांबली. इव्हासेट्रापिबने एचडीएल दुपटीपेक्षा जास्त झाले, तरी २०१५ मध्ये तीही चाचणी त्याच कारणाने बंद झाली. ॲनासेट्रापिबने २०१७ मध्ये थोडा फायदा दाखवला, पण तो एलडीएलच्या बाजूचे कोलेस्टेरॉल कमी झाल्याच्या हिशेबाने तंतोतंत जुळत होता; एचडीएल दुप्पट होऊनही त्याच्या खात्यावर वेगळे काही जमा झालेले दिसले नाही. एचडीएल वाढवण्यासाठी आपल्याकडेही दिल्या गेलेल्या नायसिन या जुन्या औषधाची २५ हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. झटके कमी झाले नाहीत; रक्तातील साखर वाढणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव असे त्रास मात्र वाढले.

याहून पटण्यासारखा पुरावा निसर्गानेच ठेवलेला आहे. काही माणसांत एका जनुकातील बदलामुळे जन्मापासूनच एचडीएल थोडे जास्त असते आणि बाकीचे आकडे इतरांसारखेच असतात. एचडीएल खरोखर संरक्षण देत असेल तर या माणसांना हृदयविकाराचे झटके सुमारे १३ टक्क्यांनी कमी यायला हवे होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तसा काहीही फरक आढळला नाही. उलट ज्या जनुकांमुळे एलडीएल जन्मापासून कमी राहते, त्यांचा फायदा स्पष्ट दिसतो.

मला स्वतःला या सगळ्यात दोन छोट्या गावांच्या गोष्टी फार आवडतात. इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचे गाव आहे. तेथील काही कुटुंबांत एचडीएल फारच कमी आढळले. आमच्या प्रयोगशाळेत असा आकडा आला असता तर आम्ही नमुना पुन्हा लावला असता. पण या लोकांत हृदयविकार वाढलेला नव्हता. मिलानच्या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले की, त्यांच्या एचडीएलमधल्या मुख्य प्रथिनात एक आनुवंशिक बदल आहे. दुसरे ठिकाण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले टँजियर बेट. तिथल्या भावंडांत १९६० च्या सुमारास एक विकार सापडला, ज्यात एचडीएल जवळजवळ शून्य असते आणि घशातल्या गाठी केशरी दिसतात, कारण न उचललेले कोलेस्टेरॉल त्यांत साठते. एवढे असूनही अशा सगळ्याच रुग्णांना ऐन तारुण्यात हृदयविकार झाला असे आढळले नाही, आणि याचे एक कारण म्हणजे त्यांचे एलडीएलही बरेच कमी असते. आपल्या उचगावात किंवा येळ्ळुरात असे एखादे कुटुंब असेलही. कोणी शोधले तर सापडेल.

दुसऱ्या टोकाचीही माहिती आता उपलब्ध आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवरून २०१७ मध्ये असे दिसले की, एचडीएल अतिशय जास्त, म्हणजे पुरुषांत ११६ च्या वर आणि स्त्रियांत १३५ च्या वर असेल, तर एकूण मृत्यूचे प्रमाण कमी न होता वाढलेले असते. असे आकडे क्वचित येतात आणि त्यामागे मद्यपान किंवा एखादा जनुकीय बदल असू शकतो. मद्याने एचडीएल वाढते हे खरे आहे, आणि आमच्याकडे रिपोर्ट न्यायला येणारे काही रसिक हे वाक्य मोठ्या आनंदाने ऐकवत. त्यांच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइडही वाढलेले असे, ते मात्र त्यांच्या वाचनात येत नसे.

तर मग एचडीएलचा आकडा निरुपयोगी आहे का? अजिबात नाही, आणि विशेषतः आपल्यासारख्यांसाठी तर नाहीच. फक्त तो जास्त असताना जेवढा दिलासा आपण घेतो तेवढा घेऊ नये, आणि तो कमी असताना मात्र त्याचे म्हणणे नीट ऐकावे. पुरुषांत ४० पेक्षा कमी आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी एचडीएल कमी समजले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील लोकांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तब्बल ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले, तर एलडीएल वाढलेले लोक होते ११.८ टक्के. पाहणी सीमेपलीकडची असली तरी सीमेमुळे भाकरी-भातात आणि अंगकाठीत काही फरक पडत नाही. माझ्या टेबलावरून ३२ वर्षे गेलेले आकडेही याच धाटणीचे होते. कमी एचडीएलसोबत ट्रायग्लिसराइड वाढलेले, कमरेचा घेर वाढलेला, साखर सीमेवर आलेली, असा हा एक संचच असतो. यकृतात मेद साचला आणि इन्सुलिन नीट काम करेनासे झाले की रक्तात ट्रायग्लिसराइड वाढते, ते एचडीएलच्या वाहनांत घुसते, त्यामुळे ती वाहने लहान होतात आणि शरीर त्यांना लवकर मोडीत काढते. म्हणजे कमी एचडीएल हा बहुतेक वेळा स्वतः आजार नसून आत काय चालले आहे याची वर्दी असते. अशा माणसाने एचडीएल वाढवणारे चूर्ण शोधण्यापेक्षा मधुमेहाची तपासणी करून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे आहे.

कारण बाजारात अशी चूर्णे, कॅप्सुले आणि काढे विपुल आहेत आणि त्यांच्या जाहिराती, महोदय, वर्तमानपत्रांतूनच येतात. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापलेले असते; शेंगतेलात, करडईच्या तेलात, सूर्यफुलाच्या तेलात मुळात कोलेस्टेरॉल नसतेच, त्यामुळे ही शेखी म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘साखरमुक्त’ असे लिहिण्यासारखी आहे. आपल्या भागातील जुन्या घरांत घाण्याचे करडई तेल, शेंगतेल, जवसाची आणि कारळ्याची चटणी, ज्वारीची भाकरी हे होतेच, आणि ते टिकवले तर चांगलेच आहे. पण त्याने चांगले कोलेस्टेरॉल धो धो वाढेल असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. या पदार्थांचा उपयोग आहे तो तूप, डालड्यासारखे वनस्पती तूप आणि पामतेलाच्या जागी ते आले आणि त्यामुळे एलडीएल कमी झाले तर. वनस्पतीतला ट्रान्स मेद हा एकमेव असा मेद आहे की जो एलडीएल वाढवतो आणि एचडीएल उतरवतो, दोन्ही एकदम. केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, हे योग्यच झाले; पण एकाच कढईतले तेल सकाळपासून रात्रीपर्यंत तापत राहते तिथे कोणता निरीक्षक पाहायला जातो? कुंद्याविषयी मी काही लिहीत नाही. बेळगावात राहून कुंद्याविरुद्ध लिहिण्याचे धाडस माझ्यात नाही, आणि सणासुदीला खाल्लेल्या चमचाभराने कोणाचे काही बिघडतही नाही.

निपाणीविषयी मात्र लिहिले पाहिजे. तंबाखूने त्या परिसराला नाव दिले, शेतकऱ्याला चार पैसे दिले, हजारो बायकांना विडी वळण्याचे काम दिले, आणि तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलनही झाले. त्या इतिहासाविषयी मला आदर आहे. पण विडी-सिगारेटच्या धुराने एचडीएल उतरते आणि उरलेल्याचे कामही बिघडते, आणि ओढणे सोडले की एचडीएल काही आठवड्यांतच वर येऊ लागते, ही गोष्ट ठाम आहे. वाढ होते ती थोडीच, दोन-चार अंकांची. तंबाखू सोडण्याचा खरा लाभ त्या दोन-चार अंकांत नसून रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती आणि वाहिन्यांच्या अस्तराची इजा कमी होण्यात आहे. व्यायामाचेही तसेच. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालून एचडीएल फार तर दोन-तीन अंकांनी वाढते आणि लोक तीन महिन्यांनी रिपोर्ट पाहून हिरमुसतात. पण त्याच चालण्याने रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि पोटाचा घेर उतरलेला असतो, तिकडे लक्ष जात नाही.

आता रिपोर्टातल्या ज्या आकड्याकडे पाहावे असे मला वाटते त्याविषयी. पहिला एलडीएल. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते की, अनेक लहान प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, ते गणिताने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, हे सूत्र १९७२ पासून चालत आले आहे. माझ्या मेहुण्यांचे १५४ असेच आले होते : २४८ वजा ६४ वजा ३०. ट्रायग्लिसराइड फार वाढले की हे सूत्र फसते, ४०० च्या वर तर ते वापरूच नये. अशा रुग्णाचे सीरम नळीत दुधासारखे पांढरे दिसते. मी रिपोर्टावर तसा शेरा लिहीत असे आणि तो शेरा वाचल्याचे मला कोणी कधी सांगितले नाही. म्हणून दुसरा, अधिक भरवशाचा आकडा प्रत्येकाने घरीच काढावा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की जे उरते ते सगळे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या वाहनांतले कोलेस्टेरॉल. याला नॉन-एचडीएल म्हणतात. मेहुण्यांचे होते १८४. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सामान्य माणसाचे एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत असावे. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे धोका जास्त असलेल्यांचे एलडीएल ७० च्या आत आणि आधीच झटका येऊन गेलेल्यांचे ५५ च्या आत. हे आकडे पाहिल्यावर गुणोत्तरापुढच्या त्या ‘कमी धोका’ शेऱ्याची किंमत काय राहते ते वाचकांनीच ठरवावे. एलडीएल सुमारे ३९ अंकांनी उतरवले तर हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात, हे स्टॅटिनच्या अनेक चाचण्या एकत्र करून दिसलेले आहे. एचडीएलविषयी असे वाक्य आजतागायत कोणालाही लिहिता आलेले नाही.

त्याच मार्गदर्शनात पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती नाही, हेही सांगितले पाहिजे. जांबोटी, कणकुंबीकडून पहाटेच्या बसने उपाशीपोटी निघालेली म्हातारी माणसे आमच्या बाकावर दहा वाजेपर्यंत बसून घेरी येऊन पडलेली मी पाहिली आहेत. ट्रायग्लिसराइड जास्त निघाले तर पुन्हा उपाशीपोटी रक्त द्यावे लागते, पण प्रत्येकाला हा उपवास घडवण्याचे कारण नाही.

बायकांविषयी एक शब्द. स्त्रियांचे एचडीएल पुरुषांपेक्षा साधारण दहा अंकांनी जास्त असते. तरीही काही रिपोर्टांवर दोघांसाठी ‘४० च्या वर’ एवढीच एक मर्यादा छापलेली असते, आणि ४४ आलेल्या बाईला सर्व ठीक असल्याचे सांगून घरी पाठवले जाते. पाळी गेल्यानंतर एलडीएल वाढू लागते, त्याच सुमारास घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या होतात आणि हिची राहते. बाईला हृदयविकार होत नाही ही समजूत आपल्याकडे अजून शाबूत आहे. झटका आला तरी ते पित्त समजून सोडा पाजला जातो.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा कर्नाटकभर हृदयाच्या तपासण्यांसाठी रांगा लागल्या. राज्य सरकारने त्यांच्या नावाने झटका आलेल्या रुग्णावर तालुक्याच्या ठिकाणीच तातडीचे उपचार करण्याची योजनाही सुरू केली, आणि खानापूरसारख्या जंगलपट्ट्यातल्या तालुक्याला तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण रांगा लावून काढलेले रिपोर्ट वाचून दाखवणारे कोणी नसेल तर त्यांचा उपयोग मर्यादितच राहतो. रिपोर्ट इंग्रजीत असतो. दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा असावी यावर आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे; रिपोर्टावरची भाषा मराठी रुग्णाला कळत नाही आणि कन्नड रुग्णालाही कळत नाही, यावर मात्र दोन्ही बाजूंनी कधी निवेदन दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या सूचना दोनच आहेत. प्रयोगशाळांनी गुणोत्तराचा शेरा काढून टाकून त्या जागी नॉन-एचडीएलचा आकडा आणि त्याचा अर्थ मराठीत व कन्नडमध्ये दोन ओळींत छापावा. त्याला यंत्र लागत नाही, वजाबाकी लागते. आणि शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी रिपोर्ट वाटण्याच्या दिवशी एखाद्या डॉक्टरांना तासभर बसवावे, म्हणजे कोणाही कार्यकर्त्यावर लोकांना दिलासा देण्याची वेळ येणार नाही. आपल्या दैनिकाने आरोग्य पुरवणीत एखादा नमुना रिपोर्ट छापून त्यातील एकेक ओळ तज्ज्ञांकडून समजावून दिली, तर पुष्कळ घरांत तो कातरून ठेवला जाईल.

मेहुणे आता गोळी नियमित घेतात. गेल्या महिन्यात त्यांचा नवा रिपोर्ट आला : एलडीएल ५८, एचडीएल ६१. फोनवर त्यांनी मला आधी दुसराच आकडा सांगितला आणि तो तीन अंकांनी उतरल्याबद्दल काळजी व्यक्त केली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
शहापूर, बेळगाव